मृगाच्या आत बीज, सुगीनंतर गर्भ : खानापूर तालुक्यातील एका वंध्यत्व प्रकरणाचा अभ्यास

हे प्रकरण कोणा एका जोडप्याची फाईल नाही. बेळगाव, खानापूर, निपाणी या पट्ट्यातल्या जोडप्यांच्या कागदपत्रांत जे घटक पुन्हा पुन्हा आढळतात, ते एका जागी आणून ते बांधलं आहे. रिपोर्टमधले आकडे अशा रुग्णांत नेहमी दिसतात त्या मापाचे आहेत.

पत्नीचं वय ३१, पतीचं ३६, लग्नाला ८ वर्षं. गाव जांबोटीच्या पुढे, जंगलाच्या कडेला. पाऊस धरला की नाले भरतात आणि एसटी वेळेवर येईलच असं सांगता येत नाही. पती बेळगावच्या उद्यमबाग या कारखान्यांच्या भागातल्या एका फाउंड्रीत ९ वर्षं भट्टीवर कामाला. पत्नी घर आणि भातशेती सांभाळते. तिची पाळी ४० ते ५० दिवसांनी येते, वजन उंचीच्या मानाने थोडं जास्त, बीएमआय २७. दोघांना मधुमेह नाही, क्षयाचा इतिहास नाही, लग्न नात्यातलं नाही. हा शेवटचा प्रश्न इथे मुद्दाम विचारावा लागतो. मामाची किंवा आत्याची मुलगी करण्याची रीत या भागात अजून आहे आणि अशा जोडप्यांत जनुकीय सल्ला उपचाराच्या आधी लागतो, नंतर नव्हे.

आधीची सहा वर्षं कुठे गेली

पहिली तीन वर्षं नवस आणि झाडपाल्यात गेली. मग तालुक्याच्या ठिकाणी सोनोग्राफी झाली. अंडाशयात बारीक बारीक फॉलिकल्स, म्हणजे बीजाच्या पिशव्या, दिसले, पाळी अनियमित होतीच, त्यामुळे पीसीओएसचं, म्हणजे बीज नियमित न फुटण्याच्या हार्मोनच्या विकाराचं, निदान झालं. निदान बरोबर होतं. घोटाळा त्याच्या पुढे झाला: एक कारण सापडल्याबरोबर शोध थांबला. क्लोमिफेन या बीज फुटवणाऱ्या गोळीच्या ६ फेऱ्या झाल्या, ५० मिलिग्रॅमपासून १०० पर्यंत. त्यांतल्या ४ फेऱ्यांत बीज फुटल्याची नोंद आहे. बीज फुटतंय, एचएसजीमध्ये (गर्भनळ्यांच्या एक्स-रेमध्ये) दोन्ही नळ्या मोकळ्या आहेत, तरी दिवस राहत नाहीत. इथे नजर नवऱ्याकडे वळायला हवी होती. त्याऐवजी लेट्रोझोल ही तशीच दुसरी गोळी देऊन ४ वेळा आययूआय, म्हणजे धुतलेलं वीर्य थेट गर्भाशयात सोडणं, करण्यात आलं.

वीर्याचा रिपोर्ट फाईलमध्ये नव्हता असंही नाही. एक होता: ‘काउंट २२ दशलक्ष, हालचाल चांगली.’ नमुना घरून आणलेला, ३० किलोमीटर मोटारसायकलवर. किती मिलिलिटर, किती वाजता घेतला, किती वाजता पाहिला, पुढे सरकणारे शुक्राणू किती टक्के, यातलं काहीच लिहिलेलं नाही. काचपट्टीवर थेंब टाकून नजरेने लावलेला तो अंदाज होता. त्याच फाईलमध्ये आययूआयच्या चार चिठ्ठ्या होत्या. त्यांतल्या एकीवर धुतल्यानंतर हलणारे शुक्राणू ०.८ दशलक्ष असं स्पष्ट लिहिलं होतं. धुतल्यानंतर १ दशलक्षापेक्षा कमी हलणारे शुक्राणू असतील, तर आययूआयमधून गर्भ राहण्याची आशा फार थोडी. तो कागद वाचला गेला असता तर पुढच्या फेऱ्या वाचल्या असत्या. ‘माणूस धडधाकट आहे, त्याची कसली तपासणी’ हे वाक्य घरोघरी ऐकू येतं आणि त्याची किंमत बाई भरते. औषधं तिने घ्यायची, सुया तिने टोचून घ्यायच्या, बोलणीही तिनेच खायची.

सहाव्या वर्षी कर्ज काढून ते दूरच्या मोठ्या शहरातल्या एका केंद्रात गेले. तिथे इक्सी झाली, म्हणजे प्रयोगशाळेत एकेका बीजात एकेक शुक्राणू सुईने सोडला. बीज पिकवण्याचं अखेरचं इंजेक्शन एचसीजीचं, १०,००० युनिट. बीजं २१ निघाली. तिसऱ्या दिवशी दोन गर्भ गर्भाशयात सोडले आणि लगेच घरी पाठवलं. रात्रभराचा बसप्रवास झाला. दुसऱ्या दिवशी पोट फुगलं, धाप लागली, लघवी कमी झाली, तीन दिवसांत वजन ४ किलो वाढलं. हिमॅटोक्रिट ४६, म्हणजे रक्त घट्ट झालेलं, पोटात पाणी. हा अंडाशयाचा अतिउद्दीपन विकार, म्हणजे ओएचएसएस. बेळगावात सहा दिवस भरती राहावं लागलं. गर्भ राहिला नाही. कार्डावर उरलेल्या गर्भांचं काय झालं याचा एक शब्द नाही: पक्व बीजं किती, फलित किती, गोठवली की टाकली, काहीच नाही.

पहिली दुरुस्ती : मोजणी

आठव्या वर्षी बेळगावात नव्याने सुरुवात करताना सर्वांत स्वस्त तपासणी सर्वांत आधी आणि नीट करायची ठरली. वीर्याचे दोन नमुने, मध्ये तीन आठवड्यांचं अंतर. संबंधापासून ३ दिवस थांबून, केंद्रातच, रुंद तोंडाच्या निर्जंतुक डबीत. घरून आणण्याची मुभा दिली नाही, कारण नमुना शरीराच्या उष्णतेच्या आसपास राहायला हवा आणि तासाच्या आत सूक्ष्मदर्शकाखाली जायला हवा. जांबोटीच्या पलीकडून ते जमत नाही. पहिला थेंब डबीबाहेर पडला तर तसं सांगायला सांगितलं, कारण सर्वांत जास्त शुक्राणू पहिल्या भागात असतात. ३७ अंशांवर अर्धा तास पातळ होऊ दिल्यावर न्यूबावर चेंबर या मोजणीच्या आखीव काचेवर दोन वेगळ्या भरणींतून प्रत्येकी २०० शुक्राणू मोजले.

निकाल: २.२ मिलिलिटर, दर मिलिलिटरमध्ये ३.५ दशलक्ष, पुढे सरकणारे १२ टक्के. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या सहाव्या आवृत्तीत खालच्या मर्यादा अशा आहेत: १.४ मिलिलिटर, १६ दशलक्ष प्रति मिलिलिटर, पुढे सरकणारे ३० टक्के. गुणाकार केला तर पूर्ण नमुन्यात कामाचे शुक्राणू जेमतेम ०.९ दशलक्ष. आययूआयच्या चिठ्ठीवरच्या ०.८ शी हे जुळतं. २२ दशलक्षाचा आकडा खरा कधीच नव्हता.

५ दशलक्षाखाली गेल्यावर गुणसूत्रांची तपासणी, वाय गुणसूत्रातल्या गळतीची तपासणी, एफएसएच आणि टेस्टोस्टेरॉन ही हार्मोन्स, एवढं केलं. चारही ठीक. हाताने तपासल्यावर डाव्या बाजूला तिसऱ्या श्रेणीचा व्हेरिकोसील, म्हणजे वृषणाच्या फुगलेल्या शिरा, सापडला, उभं केल्यावर डोळ्यांनीही दिसणारा. आठ वर्षांत त्याला कोणी तपासणीच्या टेबलावर झोपवलं नव्हतं, उभंही केलं नव्हतं.

वृषणाला शरीरापेक्षा २ ते ४ अंश थंडावा लागतो. फुगलेल्या शिरांतलं साचलेलं रक्त तो मोडतं, भट्टीसमोरचे आठ तासही तो मोडतात, आणि वरून रोज दोन-तीन पुड्या मावा. पत्नीचा एएमएच ५.२, म्हणजे बीजांचा साठा भरपूर, वय ३१. त्यामुळे तीन-चार महिने थांबण्याची चैन परवडणारी होती. हा निर्णय वयावर उभा आहे. पत्नी ३८ ची आणि एएमएच ०.८ असता तर शस्त्रक्रियेसाठी थांबणं चूक ठरलं असतं.

सूक्ष्मदर्शकाखाली व्हेरिकोसीलच्या शिरा बांधल्या. कारखान्यात विनंती करून भट्टीवरून डिस्पॅचला बदली घेतली. पगारात शिफ्टचा भत्ता गेला, तो हिशेब घरात आधी मांडून घेतला होता. मावा बंद. एक शुक्राणू तयार व्हायला सुमारे ७४ दिवस लागतात, वर नलिकेतला प्रवास. म्हणून महिन्याभरात पुन्हा तपासून निराश होण्यात अर्थ नसतो. चौथ्या महिन्यातला नमुना: २.४ मिलिलिटर, ८ दशलक्ष प्रति मिलिलिटर, पुढे सरकणारे २४ टक्के, गुणाकार ४.६ दशलक्ष. पाचपट वाढ, तरीही आययूआयसाठी काठावरचा आकडा. चार फेऱ्या आधीच वाया गेल्या होत्या, म्हणून इक्सीचा निर्णय झाला. या वेळी नवऱ्याचा एक नमुना गोठवून ठेवला. बीज काढण्याच्या दिवशी ताण येऊन नमुना देता न येणं किंवा मधल्या तापामुळे आकडा घसरणं हे नवऱ्यांच्या बाबतीत नेहमीचं आहे. गोठवलेली नळी असली की त्या सकाळचा गोंधळ टळतो.

कागद आणि भाषा

सहायक प्रजनन तंत्रज्ञान कायदा २०२१ चा, लागू २०२२ पासून. पत्नी २१ ते ५०, पती २१ ते ५५ या मर्यादेत हवे; केंद्राची नोंदणी हवी; पहिल्या स्तराच्या केंद्राला आययूआयपर्यंतच परवानगी, इक्सी दुसऱ्या स्तरावर. नोंदणी प्रमाणपत्र भिंतीवर लावलेलं असतं, ते पाहून मगच फाईल उघडावी.

सीमाभागात अडचण वेगळीच येते. आधारवर नाव कन्नड आणि इंग्रजीत, शाळेचा दाखला मराठीत, लग्नाच्या नोंदीत माहेरचं नाव, आणि इंग्रजी स्पेलिंग प्रत्येक ठिकाणी निराळं. या प्रकरणात पत्नीचं नाव तीन कागदांवर तीन तऱ्हांनी होतं. आधी ते एकसारखं करून घेतलं, मग संमती. ही केवळ सरकारी कटकट नाही. प्रयोगशाळेत डबीवर नाव चिकटवतात आणि या पट्ट्यात पाटील, गुरव, नाईक एकाच सकाळी दोन-दोन येतात. केवळ नावावर विसंबणं इथे धोक्याचं. म्हणून प्रत्येक डबी, डिश आणि स्ट्रॉवर (गोठवण्याच्या बारीक नळीवर) दोघांची नावं, नोंदणी क्रमांक आणि जन्मतारीख. आणि नमुना एका भांड्यातून दुसऱ्यात जाताना दर वेळी दोन माणसांच्या सह्या. मोठ्या केंद्रांत त्यासाठी इलेक्ट्रॉनिक चिप असते. छोट्या केंद्रात दोन सह्या तेवढंच काम करतात, मात्र दुसरी सही संध्याकाळी बसून एकदम करायची नसते.

संमतीपत्र इंग्रजी आणि कन्नडमध्ये छापलेलं होतं. जोडप्याला बाजारापुरतं कन्नड येतं. ‘उरलेले गर्भ’, ‘गोठवणूक’, ‘नूतनीकरण’ हे त्यातून कळणार नाही. समुपदेशकाने एकेक कलम मराठीत सांगितलं, जोडप्याकडून त्यांच्या शब्दांत परत वदवून घेतलं आणि मराठी प्रत सोबत जोडली. पहिल्या केंद्रात पाच मिनिटांत अकरा सह्या झाल्या होत्या. इथे दीड तास गेला. हा वेळ उपचाराचाच भाग आहे असं मानल्याशिवाय ‘उपचारांची पोहोच’ हे शब्द वापरू नयेत.

पावसाआधीचं वेळापत्रक

ओएचएसएस एकदा होऊन गेलेली, एएमएच ५.२, दोन्ही अंडाशयांत मिळून २४ फॉलिकल्स. अशा बाईला पुन्हा एचसीजी देऊन ताजे गर्भ सोडणं म्हणजे तोच धोका विकत घेणं. आणि जून-जुलैत जांबोटीच्या पलीकडे मध्यरात्री धाप लागली तर गाडी नाल्यापाशी अडते. त्यामुळे उपचाराचे दोन तुकडे केले: मेअखेर, मृग लागायच्या आत बीज काढून सगळे गर्भ गोठवायचे, पाऊस आणि भाताची सुगी उरकल्यावर गर्भ सोडायचा. गोठलेल्या गर्भाला पाच महिने थांबण्याने काही होत नाही. उणे १९६ अंशांवर त्याचं वय वाढत नाही. या भागासाठी गोठवण्याच्या तंत्राचं खरं मोल इथे आहे. यशाची टक्केवारी बाजूला ठेवली तरी त्याने बाईला पावसाळ्यात सुरक्षित घरी ठेवता येतं.

तयारीत टीएसएच (थायरॉइडची तपासणी), साखर, एचआयव्ही, कावीळ बी आणि सी, रुबेला आणि थॅलेसेमियासाठी हिमोग्लोबिनचा प्रकार पाहिला. फॉलिक ॲसिड ४०० मायक्रोग्रॅम रोज. चार महिन्यांत वजन ४ किलो उतरलं, ते भाकरीचं माप आणि चहातली साखर कमी करून. पीसीओएसमध्ये एवढ्यानेही पाळीत फरक पडतो.

पाळीच्या दुसऱ्या दिवसापासून एचएमजी, म्हणजे बीजं वाढवणारं इंजेक्शन, १५० युनिट रोज, १० दिवस: एकूण १५०० युनिट, म्हणजे ७५ च्या २० वायल. पावडरीच्या वायल निवडण्याचं कारण साधं होतं. त्या २५ अंशांपर्यंत टिकतात, पेनमधलं द्रव औषध साठवायला फ्रीज लागतो आणि गावात वीज जाते. मे महिन्यात २५ अंशही सहज ओलांडले जातात, म्हणून वायल थर्मासच्या डब्यात ठेवल्या. बर्फाच्या पिशवीला औषध चिकटू द्यायचं नाही, मध्ये जाड फडकं घालायचं. गोठलेलं इंजेक्शन वाया गेलेलं असतं आणि ते दिसायला अगदी चांगलंच दिसतं. टोचायला नवऱ्याला शिकवलं, पहिली दोन त्याने सिस्टरांच्या देखत दिली.

सहाव्या दिवसापासून सेट्रोरेलिक्स ०.२५ मिलिग्रॅम, बीज अवेळी फुटू नये म्हणून. सोनोग्राफी फक्त चार वेळा: दिवस २, ६, ९ आणि ११. दरवेळी रक्तातली हार्मोन्स मोजली नाहीत. अशा रुग्णात सोनोग्राफीवरून निर्णय होतात, आणि वाचलेल्या प्रत्येक फेरीमागे नवऱ्याचा एक खाडा वाचतो. कर्नाटकात ११ जून २०२३ पासून शक्ती योजनेत राज्यातल्या राज्यात साध्या सरकारी बसमधून बाईचं तिकीट लागत नाही. कोल्हापूरला किंवा पुण्याला जाताना ही सवलत उपयोगी पडत नाही. केंद्र निवडताना हा हिशेब कोणी मांडत नाही, पण चार तपासण्या, बीज काढणं, पुढे दोनदा गर्भ सोडणं आणि त्यांच्या सोनोग्राफी धरल्या तर फेऱ्यांची संख्या सहज पंधरावर जाते. सरहद्दीपलीकडे बांबोळीच्या गोवा मेडिकल कॉलेजात आयव्हीएफची सरकारी सोय सुरू झाली आहे. चोर्ला घाटाच्या बाजूच्या गावांना ती जवळची वाटते, पण निघण्याआधी रहिवासी दाखल्याची अट फोनवर विचारून घ्यावी.

गावात मोबाईलला रेंज धड नाही. म्हणून सूचना व्हॉट्सॲपवर न सोडता एका कागदावर मराठीत लिहून दिल्या: तारीख, वार, वेळ, कोणती सुई, किती पाणी मिसळायचं. खाली एकच प्रश्न: ‘आज काय काय दिलं?’ आणि समोर खूण करायला चौकट.

अकराव्या दिवशी १७ मिलिमीटरच्या वर सहा फॉलिकल्स, एकूण २२. शेवटचं इंजेक्शन एचसीजीऐवजी ट्रिपटोरेलिन ०.२ मिलिग्रॅम. याने शरीराचाच एलएच, म्हणजे बीज पिकवून फोडणारं हार्मोन, उसळतो आणि लवकर ओसरतो, त्यामुळे ओएचएसएसचा धोका फार खाली येतो. वेळ रात्री १०, बीज काढणं परवा सकाळी १०: बरोबर ३६ तास. या इंजेक्शनची वेळ चुकणं ही सगळ्या प्रक्रियेतली सर्वांत महाग चूक. काही तासांच्या फरकाने बीजं कच्ची निघतात किंवा आधीच फुटून जातात. म्हणून ते दोन दिवस जोडपं गावी गेलंच नाही, बेळगावातल्या पाहुण्यांकडे राहिलं. दुसऱ्या सकाळी लघवीवर एलएचची पट्टी लावून इंजेक्शन लागू पडल्याची खातरी केली. ही पट्टी अगदी स्वस्त असते आणि ‘बीजच मिळालं नाही’ या आपत्तीची सूचना भूल देण्याआधीच मिळते.

बीज काढल्यावर ओएचएसएसचा धोका आणखी कमी करायला कॅबरगोलिन ०.५ मिलिग्रॅम आठ दिवस. घरी रोज सकाळी वजन आणि बेंबीच्या पातळीवर पोटाचं माप. दिवसात किलोभर वाढ किंवा लघवी कमी झाली तर थेट निघायचं. पाळी नवव्या दिवशी आली, पोट फुगलं नाही.

प्रयोगशाळा : ७५० मीटरवरची

बीजं १८ निघाली. हायलुरोनिडेजने भोवतालच्या पेशी उतरवल्यावर १४ पक्व. वीर्य ४० आणि ८० टक्क्यांच्या दोन थरांतून फिरवून धुतलं, गोठवलेली नळी लागली नाही. इक्सीत बीज धरून त्याचं ध्रुवीय पिंड, म्हणजे पक्व बीजाच्या कडेचा बारीक गोळा, १२ किंवा ६ वाजताच्या दिशेला ठेवतात, म्हणजे बाजूने जाणारी सुई गुणसूत्रांच्या धाग्यांना लागत नाही. १७ तासांनी पाहिल्यावर दोन केंद्रकं, म्हणजे नीट फलित झाल्याची खूण, स्पष्ट दिसणारी १० बीजं. एकात तीन केंद्रकं होती, तो गर्भ बाजूला काढला. पाचव्या दिवशी ३ आणि सहाव्या दिवशी २, असे ५ ब्लास्टोसिस्ट, म्हणजे पाच-सहा दिवस वाढलेले गर्भ, गोठवण्याजोगे. १४ वरून १०, १० वरून ५: ही गळती नेहमीची आहे. ती आधी सांगितलेली नसली की जोडप्याला वाटतं, कोणीतरी गर्भ चोरले.

या प्रयोगशाळेबद्दल जरा थांबून सांगायला हवं, कारण यशापयशाचा मोठा वाटा इथे ठरतो आणि रुग्णाला ती कधीच दिसत नाही. बेळगाव समुद्रसपाटीपासून सुमारे ७५० मीटरवर आहे. इनक्युबेटरमध्ये कार्बन डायऑक्साइड ६ टक्के ठेवावा असं मुंबईच्या तज्ज्ञाने सांगितलं, तर ते मुंबईसाठी बरोबर. माध्यमाचा, म्हणजे गर्भ ज्या द्रवात वाढतो त्याचा, पीएच (आम्लतेचं माप) टक्क्यांवर ठरत नाही, वायूच्या दाबावर ठरतो. समुद्रसपाटीला हवेचा दाब पाऱ्याचे ७६० मिमी, त्यातून वाफेचे ४७ वजा केले तर ७१३, त्याचे ६ टक्के म्हणजे सुमारे ४३ मिमी. बेळगावात हवेचा दाब ६९५ च्या आसपास. ४७ वजा जाऊन ६४८. तेच ४३ मिमी मिळवायला ६.६ टक्के लागतात. ६ वरच ठेवलं तर पीएच वर सरकतो आणि गर्भ तिसऱ्या दिवसानंतर रेंगाळतात, कारण मात्र कोणालाच सापडत नाही. अखेर शब्द पीएच मीटरचा: माध्यम रात्रभर इनक्युबेटरमध्ये ठेवून ७.२५ ते ७.३५ येतो का ते पाहायचं, माध्यमाची पेटी बदलली की पुन्हा पाहायचं. ऑक्सिजन ५ टक्के.

तापमानाचंही तसंच. सूक्ष्मदर्शकाच्या गरम पट्टीवर ३७ असं दिसतं ते पट्टीचं. डिशमधल्या थेंबाचं बारीक प्रोबने मोजलं तर अंशभर कमी निघतं. बीजातले गुणसूत्र धरणारे धागे थंडीने विस्कटतात. पट्टी ३८ च्या आसपास लावली तेव्हा थेंब ३७ वर आला.

पावसाळ्यात आणखी दोन गोष्टी बिघडतात. हवा गाळणाऱ्या यंत्राच्या नळीत ओलाव्याने बुरशी धरते, म्हणून जूनच्या आधी सफाई आणि गाळण्या बदलणं. आणि वीज सारखी गेल्याने जनरेटर तासन्‌तास चालतो. त्याचा धूर हवा ओढण्याच्या तोंडाकडे गेला तर गाळणीतून कण अडतात, डिझेलची वाफ अडत नाही. जनरेटर आणि हवेचं तोंड इमारतीच्या विरुद्ध बाजूंना असणं हे लाखभर रुपयांच्या उपकरणापेक्षा जास्त उपयोगाचं. फिनेल, अगरबत्ती, ताजा रंग या मजल्यावर चालत नाहीत.

गोठवणं म्हणजे विट्रिफिकेशन: दाट द्रावणात मिनिटभर, मग थेंबाच्या अंशाएवढ्या द्रवात गर्भ थेट द्रव नायट्रोजनमध्ये. बर्फाचा स्फटिक होऊच द्यायचा नाही. अनुभवी हाताखाली १०० पैकी ९० च्या वर गर्भ नीट वितळतात. टाकीतली पातळी रोज पट्टीने मोजून वहीत लिहिली जाते, रात्रीसाठी अलार्म मोबाईलवर. नायट्रोजनची गाडी पावसात एक-दोन दिवस उशिरा येते हे धरून भरलेली राखीव टाकी शेजारी.

जोडप्याला या वेळी पूर्ण कागद मिळाला: १८ बीजं, १४ पक्व, १० फलित, ५ गोठवलेले, प्रत्येकाची श्रेणी, स्ट्रॉचा रंग आणि टाकीतली जागा.

काय नाकारलं

गर्भाशयाच्या अस्तराची ‘योग्य वेळ’ सांगणारी जनुकीय चाचणी, अस्तर खरवडणं, गर्भाची गुणसूत्र चाचणी आणि गर्भाचे सतत फोटो घेणारा इनक्युबेटर, असं एक ‘पॅकेज’ त्यांना आणखी एका ठिकाणी सुचवण्यात आलं होतं. ३१ वर्षांच्या, वारंवार गर्भपात न झालेल्या बाईत यांपैकी कशानेही मूल होण्याची शक्यता वाढल्याचं चांगल्या चाचण्यांत दिसलेलं नाही. ते पैसे दुसऱ्या आणि तिसऱ्या गर्भासाठी राखून ठेवणं अधिक शहाणपणाचं. गर्भाचं लिंग विचारणं तर गुन्हा आहे. ‘पाच आहेत तर मुलगा कोणता’ हा प्रश्न घरातून आलाच, त्याला उत्तर नाही एवढंच सांगितलं.

सुगीनंतर

गर्भ सोडण्याच्या दोन वाटा होत्या. गोळ्या देऊन कृत्रिम अस्तर तयार केलं तर तारीख हवी तशी ठरवता येते, दूरच्या रुग्णाला ते सोयीचं. पण त्यात बीज फुटत नाही, त्यानंतर हार्मोन देणारी कॉर्पस ल्युटियम ही ग्रंथी तयार होत नाही, आणि अशा गरोदरपणात रक्तदाबाचा विकार जास्त आढळतो. पीसीओएस आणि वाढलेलं वजन आधीच त्याच बाजूला झुकलेलं. म्हणून लेट्रोझोल ५ मिलिग्रॅम, दुसऱ्या ते सहाव्या दिवशी. फॉलिकल १८ मिमी आणि अस्तर ८.५ मिमी झाल्यावर एचसीजीचं छोटं इंजेक्शन, त्यानंतर सातव्या दिवशी गर्भ. त्यासाठी बेळगावला दोन फेऱ्या जास्त झाल्या.

गर्भ एकच सोडला. दोन सोडा असा घरून आग्रह होता, ‘एकदाच काय ते होऊन जाऊ दे’ म्हणून. जुळी राहिली तर वेळेआधी प्रसूतीचा धोका आणि नवजात बाळांचा अतिदक्षता विभाग पुन्हा तीस किलोमीटर दूर. त्यांना हिशेब असा मांडून दाखवला: या वयात चांगल्या ब्लास्टोसिस्टमागे बाळ होण्याची शक्यता साधारण ४० टक्के धरली, तर एकाने ४०, एकामागून एक दोनांनी ६४, तिघांनी ७८. एकत्र सोडल्याने बेरीज फार वाढत नाही, जोखीम वाढते.

पहिला गर्भ ऑक्टोबरअखेर सोडला. चौदाव्या दिवशी बीटा एचसीजी, म्हणजे गर्भ राहिल्याचं दाखवणारं हार्मोन, ५ पेक्षा कमी. राहिला नाही. हा क्षण आधी बोलून ठेवलेला होता, तरी तो जड गेला; बाई दोन दिवस जेवली नाही. पद्धतीत बदल केला नाही. दहा माणसांत सहांना पहिल्या गर्भाने यश येत नाही आणि एका अपयशावरून औषधं बदलत बसणं म्हणजे पुन्हा अंदाजाचा कारभार.

दुसरा जानेवारीत. चौदाव्या दिवशी ४१२, दोन दिवसांनी ९००. साडेसहा आठवड्यांना गर्भपिशवीत एक गर्भ, ठोके दिसले. बाराव्या आठवड्यापासून रक्तदाबासाठी रोज रात्री ॲस्पिरिन, विसाव्या आठवड्यात सविस्तर सोनोग्राफी, आणि साखरेची चाचणी नेहमीपेक्षा लवकर. पुढची तपासणी गावाजवळच्या आरोग्य केंद्रात आणि बेळगावात आलटूनपालटून. कागदावर ‘इक्सी गर्भ’ असं ठळक लिहिलेलं आहे, म्हणजे प्रसूतीची तारीख पाळीवरून काढण्याची चूक होणार नाही. ती गर्भ सोडल्याच्या तारखेवरून काढायची.

टाकीत तीन गर्भ शिल्लक आहेत. कायद्याने ते १० वर्षांपर्यंत ठेवता येतात, मात्र दरवर्षी नूतनीकरणाचं शुल्क आणि दोघांची सही लागते. या भागातून कामासाठी गोवा, पुणे, बेंगळुरूला जाणाऱ्यांचे फोन नंबर वर्षभरात बदलतात आणि केंद्राची पत्रं परत येतात. म्हणून फाईलवर तिसरा संपर्क म्हणून पत्नीच्या माहेरचा नंबर घेतला आहे, आणि नूतनीकरणाची तारीख जोडप्याच्या कागदावर दरवर्षीचा ‘मेअखेर’ अशी, मृगाच्या आधीची, लिहून दिली आहे.